पूरछावणीत दूध पावडरचे डबे वाटले तर चुकलं काय?

कृष्णाकाठ:
२०१९ चा सांगलीचा पूर, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं तेव्हाची गोष्ट. आम्ही पोरं एका शाळेतल्या छावणीत मदतीला होतो, मुंबईहून टेम्पो आला त्यात चादरी, बिस्किटं आणि तान्ह्या बाळांच्या पावडरचे डबे, सोबत बाटल्या. वाटून टाकले. आता परवा एकजण सांगतो की ते कायद्यानेच बंद आहे म्हणे. बाळ रडतंय, आईला दूध येत नाही, मग काय कायदा पाजायचा का?

मिरजेची सिस्टर:
बंदच आहे दादा, १९९२ चा कायदा आहे, अनाथालय सोडून कुणालाही डबे-बाटल्या फुकट द्यायच्या नाहीत. पावडर कालवणार कशात, पुराच्या पाण्यात? बाटली उकळायला गॅस कुठाय? २००६ ला इंडोनेशियात योग्यकर्ताला भूकंप झाला, तिथे फुकटची पावडर मिळालेल्या मुलांत जुलाब बाकीच्यांच्या दुपटीने निघाले. आणि "दूध आटलं" हे प्रत्येक छावणीत ऐकते मी. धसक्याने पान्हा लवकर फुटत नाही हे खरं, पण दूध बनायचं थांबत नाही, बाळाला सारखं अंगाला लावत राहिलं की येतं.

सोलापुरी तडका:
अंगाला लावणार कुठं ते पण सांगा की सिस्टर. एका वर्गात नऊ घरं, शेजारी सासरे, दारात सेल्फी काढणारे पुढारी. आमची वहिनी दिवसभर फळ्याकडं तोंड करून पदराखाली पोर घेऊन बसायची, त्यात सासू म्हणणार भिजलीयस, गार दूध बाधंल, पाजू नको. आणि समोर चकचकीत डबा. ती डबाच उघडणार ना?

मिरजेची सिस्टर:
म्हणूनच म्हणते डब्याऐवजी दोन जुन्या साड्या आणि सुतळी पाठवा, कोपरा आडोशाला घेता येतो. आणि सुनेला समजावण्यात वेळ घालवू नका, आधी सासूला गाठायचं. ती हो म्हणाली की अर्धं काम झालं.

डोंबिवलीकर:
साड्या ठीक आहेत हो, पण आईच जवळ नसेल तर? आमच्या नात्यात बाळंतीण दुसऱ्या गावात अॅडमिट, वीस दिवसांचं पोर आजीकडे छावणीत, आणि तिथे आजीला आईच्या दुधाचं महत्त्व ऐकवत बसले तासभर! मुंबईत सायनच्या हॉस्पिटलात १९८९ पासून मिल्क बँक आहे, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना देतात, शिरोळच्या छावणीत काय आहे?

मिरजेची सिस्टर:
हे चुकलंच त्यांचं. अशा बाळाला पावडर द्यायलाच हवी, पण आरोग्य खात्यामार्फत, मोजून, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने. टेम्पोतून सरसकट नाही.

कृष्णाकाठ:
खरं सांगू का, आमच्या टेम्पोतल्या निम्म्या डब्यांचा तर छावणीत चहाच झाला, दूधच नव्हतं कुठं. तरी उरलेल्या निम्म्यांचं मला वाईट वाटत नाही, तुम्ही काही म्हणा.