बोट चेपलं, नख गेलं: आपापले अनुभव सांगा

गेल्या मार्चमध्ये माळ्यावरून कूलर उतरवायच्या गडबडीत माझ्या सहा वर्षांच्या लेकीचं बोट दाराच्या फटीत सापडलं. नख मुळातून उपटून वर आलं. सासूबाईंनी मायेनं हळद दाबली. मलाही वाटलं, नखच तर आहे, येईल पुन्हा. दवाखान्यात एक्स-रे काढला तर टोकाचं हाड चिरलेलं, आणि ज्या नाजूक कातडीवर नख वाढतं ती फाटलेली. आधी हळद धुऊन काढण्यातच बराच वेळ गेला. मग बोट बधिर करून बारीक, आपोआप विरघळणारे टाके घातले आणि तिचंच नख स्वच्छ करून झाकणासारखं परत बसवलं. ती कातडी वेडीवाकडी जुळली असती तर नख कायमचं दुभंगलेलं आलं असतं. नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. तिचं पूर्ण यायला गणपती उजाडले.

तुमच्याकडे काय झालं? जे केलं ते लिहा, चुकलेलंही.

इतवारी, हार्डवेअरचं दुकान
अंगठ्यावर हातोडा बसला. नखाखाली रक्त साकळून काळंनिळं झालं, रात्रभर ठणकून राहिलं होतं. सकाळी डॉक्टरांनी आधी एक्स-रे पाहिला, मग तापवलेल्या तारेनं नखाला बारीक भोक पाडलं. रक्त बाहेर आलं अन् ठणका तिथल्या तिथं थांबला. आमचा कारागीर घरीच सुई तापवून बसला होता. बरं झालं, त्याला हात लावू दिला नाही.

मानेवाडा
आमच्या ह्यांनी कूलर चालू असतानाच मागची ताटी सरकवली. पात्यानं तर्जनीचं टोक उडालं. शेजारचे काका बर्फाचा डबा घेऊन धावत आले, तुकडा त्यात टाकणारच होते. नर्स असलेल्या वहिनींनी हात धरला. थेट बर्फात पेशी गोठून मरतात म्हणाल्या. ओल्या स्वच्छ कापडात तुकडा गुंडाळला, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवली. बोट कापडानं दाबून, हात वर धरून आम्ही मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो.

तुकडा इतका चेंदला होता की जोडता आला नाही. पण हाड उघडं नव्हतं, म्हणून जखम ड्रेसिंगखाली आपोआप भरू द्यायची ठरवली. मला ते पटेना, उघडं मांस कसं ठेवायचं? काही आठवड्यांत खरंच कातडी चढली. टोक थोडं आखूड आहे, अन् डिसेंबरच्या थंडीत अजून झिणझिणतं. आता कूलरची पिन काढल्याशिवाय ताटीला कोणी हात लावत नाही.

त्रिमूर्तीनगर
गादीखाली चादर खोचताना अनामिकेचं टोक एकदम खाली लोंबलं. फार दुखलंही नाही, म्हणून पंधरा दिवस तेल चोळत बसले. बोटाचं टोक सरळ धरणारी वरची शीर (कंडरा) तुटली होती. पट्टी लावून बोट आठ आठवडे सरळ ठेवायचं, तेही क्षणभर न वाकवता. वाकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पट्टी बदलताना बोट टेबलावर टेकवून ठेवत होते. माझं सातव्या आठवड्यात धुणं धुताना वाकलं. तेव्हा रडू आलं.

महाल, डब्यांचा व्यवसाय
हात सदा पाण्यात, त्यामुळे नखुरडं नेहमीचंच. सुरुवातीला कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं बोट बुडवलं की बसतं. गेल्या खेपेला पू धरला, लाली पेरापर्यंत चढली. मला साखरेचा त्रास आहे, म्हणून थांबले नाही. डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला, त्याच रात्री झोप लागली. आता भांडी घासताना हातमोजे घालते, सांबार (कोथिंबीर) निवडून झालं की हात कोरडे करते.

जरीपटका
संक्रांतीला नायलॉन मांजानं बोट हाडापर्यंत कापलं. टाके पडले. शेवटची धनुर्वाताची सुई कधी घेतली ते आठवेना. मळलेल्या जखमेत पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावी लागते, म्हणून ती दिली.

महाल, पुन्हा
एक राहिलंच. बोटाला काही झालं की आधी अंगठी काढा. माझ्या बहिणीची सुजेत अडकली, शेवटी कापावी लागली.