'एम' म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न :
व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत राहायला येऊन चार महिने झाले. फुटपाथवरच्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून रोज सकाळी फो (तांदळाच्या शेवयांचं सूप) खाते. फो वाढून देणाऱ्या मुलीला सगळे 'एम अऽय' अशी हाक मारतात. व्हिएतनामी भाषेच्या शिकवणीत सांगितलं की 'एम' म्हणजे धाकटं भावंड, मग ते मुलगा असो की मुलगी. पण शेजारचे गृहस्थ बायकोलाही 'एम'च म्हणतात, आणि तीही स्वतःबद्दल बोलताना 'एम' म्हणते! मग हा शब्द 'तू' आहे की 'मी'? मराठीत याला काय म्हणायचं?

उत्तर :
दोन्ही आहे. आई बाळाला म्हणते ना, "थांब, आई आत्ता येते हं"? तिथे ती 'मी' म्हणत नाही. आपल्याकडे मूल मोठं झालं की हे बोलणं हळूहळू सुटतं. व्हिएतनामीत ते जन्मभर चालतं, आणि घराबाहेरही. तुमच्याहून मोठ्या बाईशी बोलताना ती 'ची' (ताई) आणि तुम्ही 'एम'. तुमच्याहून लहान कुणी आलं की तुम्हीच 'ची' होता. 'मी'साठी 'तोय' हा शब्द आहे, पण ओळखीच्या माणसाशी तो वापरला तर परकेपणा जाणवतो. भांडणात नवराबायको एकमेकांशी 'तोय'वर आले, तर प्रकरण गंभीर आहे असं समजा.

म्हणूनच पहिल्याच भेटीत वय विचारतात. आपल्याला ते भोचकपणाचं वाटतं, पण वय कळल्याशिवाय त्यांना वाक्यच सुरू करता येत नाही.

नवराबायकोंत नवरा 'आन' (दादा) आणि बायको 'एम'. बायको वयाने मोठी असली तरी बहुधा असंच. याचं शब्दशः मराठी करू नका, फार विचित्र होईल. तिथे 'अहो' आणि 'अगं'च बरे.

आणखी एक उत्तर :
'अऽय'बद्दल थोडं. हा आपल्या 'गं', 'रे'सारखा नावामागून येतो. आपण 'आई गं', 'देवा रे' म्हणतो, ते 'चऽय अऽय' म्हणतात. 'चऽय' म्हणजे आकाश. चटका बसला, बस चुकली, भाजी महाग झाली की तोंडून हेच निघतं.

मला मात्र नात्यांच्या शब्दांवर जास्त लिहायचंय, कारण इंग्रजीतून व्हिएतनामी शिकणाऱ्याला जे घोकावं लागतं ते मराठी माणसाकडे निम्मं आधीच असतं. 'को' म्हणजे आत्या, 'कउ' म्हणजे मामा, 'झी' म्हणजे मावशी (दक्षिणेत 'यी'). 'अंकल' आणि 'आंटी'मध्ये हे सगळं वाहून जातं. अडतो तो फक्त 'काका'. वडिलांचा धाकटा भाऊ 'चू', थोरला 'बाक'. उत्तरेत आईची थोरली भावंडंही 'बाक'च. व्हिएतनामच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते हो चि मिन्ह यांना लोक 'बाक हो' म्हणतात. त्याचं 'हो काका' केलं तर थोरलेपण निसटतं. मी 'थोरले काका'च लिहीन.

'को'चा आणखी एक अर्थ शाळेतल्या बाई. बाईंसमोर विद्यार्थी 'एम', आणि शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी 'एम'च.

दक्षिणेत सायगावकडे थोरल्या भावाला 'आन हाय' म्हणतात. 'हाय' म्हणजे दोन! भावंडांची मोजणी तिथे दोनापासूनच सुरू होते. हनोईत त्याला 'आन का' म्हणतात.

प्रश्नकर्ती :
आता एक गोष्ट उलगडली. फोवाल्या बाई माझ्याहून लहान दिसतात, तरी मला 'बाक' म्हणतात. मला वाटलं, मी फारच म्हातारी दिसते.

उत्तर :
नाही हो. त्या त्यांच्या मुलांच्या तोंडून बोलताहेत. आपणही समवयस्क पाहुण्यांसमोर मुलाला म्हणतो, "काकूंना पाणी दे," तसंच. तिथे मूल समोर नसलं तरी ही पद्धत चालते. उद्या तुम्ही त्यांना 'को' म्हणून हाक मारा. पट्टी सरळ ठेवा, सूर वर किंवा खाली गेला तर शब्द बदलतो.