विमान कंपन्या मोकळ्या सोडल्या, युद्धात जवान कोण नेणार?

ओझरकाका
काल इथं कुणीतरी लिहिलं, "१९९४ ला विमानसेवेतली सरकारी मक्तेदारी मोडली, २०२२ ला एअर इंडियाही टाटांकडे गेली, देशाचं काय बिघडलं? सैन्य न्यायला हवाईदल आहे." आयुष्य एचएएल या सरकारी विमान कारखान्यात गेलं माझं, हे वाचून राहवलं नाही. हवाईदलाकडे सी-१७ ही मोठी मालवाहू विमानं अकरा. त्यांतून तोफा न्यायच्या की जवान? अमेरिकेने १९७८ ला विमान कंपन्या सरकारी नियंत्रणातून मोकळ्या केल्या, पण राखीव नागरी ताफ्याची जुनी व्यवस्था मोडली नाही. कंपनीने गरजेला विमानं द्यायची, बदल्यात एरवी सरकारी वाहतुकीचं काम मिळतं. १९९०-९१ ला आखातात निम्म्याहून जास्त सैनिक नागरी विमानांतून गेले. आपण मोकळीक घेतली, तो करार कुठाय?

गोदाकाठ
काका, अर्धाच इतिहास सांगताय. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला फौज उतरली त्या डाकोटा विमानांत खाजगी कंपन्यांच्याही होत्या. राष्ट्रीयीकरण १९५३ चं! २०२२ ला युक्रेनमधली मुलं आणायला इंडिगो, स्पाइसजेट गेल्याच ना? माझी भाची शेजारच्या रोमानियातल्या बुखारेस्टहून तशीच घरी आली.

ओझरकाका
भाची सुखरूप आली, आनंद आहे. पण बुखारेस्टवर बॉम्ब पडत नव्हते. आज बहुतेक विमानं भाड्याची, मालक परदेशात. गोळीबाराच्या टापूत न्यायची म्हटलं की मालक आणि विमा कंपनी दोघेही आडवे येणार. २०२३ ला गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा हेच मालक विमानं सोडवायला कोर्टात उभे होते.

सिडकोवाली
युद्धाचं नंतर बघू. आपल्या नाशिकजवळ ओझरला धावपट्टी आहे, पण विमानसेवा किती वेळा सुरू झाली आणि बंद पडली? बाबांच्या ऑपरेशनसाठी दिल्लीला जायचं होतं, आदल्या रात्री फ्लाइट रद्दचा मेसेज. रात्रभर गाडीने मुंबई गाठली. पैसे परत मिळायला किती महिने लागले ते विचारूच नका.

गोदाकाठ
ताई, धागा कशावर आहे?

सिडकोवाली
यावरच आहे! नफा नसेल तिथून कंपनी उठते. आजारी माणसासाठी थांबली नाही, ती फौजेसाठी थांबेल?

देवळालीकर
ताईंशी सहमत. माझा भाऊ सीआरपीएफमध्ये. सुट्टी संपली की जम्मूहून पुढे ताफ्यातून रस्त्याने. दिल्ली-श्रीनगर विमानाची मुभा सगळ्या जवानांना मिळाली ती पुलवामात ४० जण गेल्यावर. तोवर आई प्रत्येक वेळी श्रीनगरहून फोन येईपर्यंत जेवायची नाही. आकाश मोकळं होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती!

गोदाकाठ
तो सरकारचा उशीर, त्यात कंपन्यांचा काय दोष? भाड्याच्या विमानांचा मुद्दा मान्य, पण तेवढाच. त्यासाठी पुन्हा सरकारी कंपनी नको.

ओझरकाका
सरकारी कंपनी काढा असं मी कुठं म्हटलं? नीट वाचत जा. १९९४ पासूनच कंपन्यांना उड्डाणांचा ठराविक वाटा ईशान्य भारत, काश्मीर, अंदमानला द्यावाच लागतो. तसंच परवाना देताना युद्धातल्या विमानांचं लिहून घ्या, विमा सरकारने उचलावा.

सिडकोवाली
मग त्या यादीत ओझर का नाही?