मदत हवी आहे: घरच्यांसाठी १५.६ इंची लॅपटॉप घ्यायचाय, स्क्रीन बघून घ्यावा की प्रोसेसर?

नमस्कार मंडळी,

घरात सगळ्यांनी मिळून वापरायला एक लॅपटॉप घ्यायचा आहे. दोनतीन दुकानं फिरून झाली, कंपन्यांच्या साइटवर माहितीपत्रकं वाचून झाली, तरी निर्णय होत नाहीये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

आम्ही सांगलीला असतो. सध्याच्या डेस्कटॉपला इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे, त्यामुळे त्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून त्यावरून बँकेचे व्यवहार करायला मन धजत नाही.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. क्लासचे रेकॉर्ड केलेले तास, पीडीएफ आणि पुढे सीईटीच्या सराव परीक्षा. एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवरच होते, म्हणून मोबाइलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर माऊस धरून पेपर सोडवायची सवय तिला आत्तापासून हवी. मिस्टरांचं एक्सेल आणि जीएसटीचं काम असतं, त्यांना नंबर पॅड हवाच. माझं म्हणाल तर फोटो नीट लावणं, कार्यक्रमांचे व्हिडिओ जोडून छोट्या फिल्म करणं. गेम कोणीच खेळत नाही.

आणि सासरे. त्यांच्याकडे कॅसेटची एक अख्खी ट्रंक आहे. कीर्तनं, नाट्यसंगीताच्या मैफली, गावच्या देवळातल्या सप्ताहात स्वतः टेप लावून घेतलेली आख्यानं. विकतच्या कॅसेटमधलं गाणं आज कुठेतरी सापडेलच, पण देवळातली ही कीर्तनं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काही फितींवर पांढरट बुरशी दिसायला लागली आहे. त्या वेळेत कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या आहेत. माझ्या दृष्टीने या खरेदीतलं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

बजेट पंचावन्न हजार, फार तर साठ. १४ इंचीवर सासऱ्यांना अक्षरं बारीक वाटतात, आणि लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच राहणार, म्हणून १५.६ इंची. चाळण लावून तीन उरले आहेत:

– आसुस व्हिवोबुक १५ (एक्स१५०४व्हीए): कोअर आय५-१३३४यू, ८ जीबी रॅम बोर्डावर, एक स्लॉट मोकळा.
– आसुस व्हिवोबुक गो १५ ओलेड (ई१५०४एफए): रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी. ओलेड म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशी स्क्रीन.
– डेल इन्स्पिरॉन १५ (३५२०): कोअर आय५-१२३५यू, ८ जीबी, १२० हर्ट्झची (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी) स्क्रीन.

तिन्हींना ५१२ जीबी एसएसडी आणि विंडोज ११.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर घरचे फोटो नेले होते. त्यात सासूबाईंचा डाळिंबी इरकलीतला एक फोटो आहे. ती साडी रोज डोळ्यांसमोर असते, रंग पक्का माहीत आहे. पहिल्या लॅपटॉपवर तो डाळिंबी चक्क विटकरी दिसला आणि पदराचा टोप तर ओळखूच येईना. तिसऱ्यावरही तीच गत. ओलेडवर मात्र साडी जशी आहे तशी दिसली, आणि देवळातल्या दीपमाळेच्या फोटोत मागचा अंधार खरोखर काळा होता. विक्रेता म्हणाला, "मॅडम, तिन्ही फुल एचडीच आहेत, काही फरक नाही." फरक तर समोर दिसत होता! त्याचं आणखी एक म्हणणं असं की रायझन ५ आणि आय५ सारखेच, आणि दुसऱ्यात रॅम दुप्पट, म्हणजे तोच सगळ्यात वेगवान. हे खरं आहे का? आणि कॅसेटसाठी लॅपटॉपमध्ये नेमकं काय बघून घ्यायचं?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, विक्रेत्याचं म्हणणं बरोबर नाही. रायझनच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आधी बघायचा. आतली रचना कुठल्या पिढीची, ते तो सांगतो. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३ किंवा ३+, ४ म्हणजे झेन ४. ७५२०यू बाजारात आला २०२२ मध्ये, पण आतली झेन २ रचना २०१९ सालची आहे. चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). एकाच आकड्याने वेगळा असलेला ७५३०यू तुलनेला बघा: झेन ३ आणि सहा कोअर. डब्यावर दोघांनाही "रायझन ५"च लिहिलेलं असतं, आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं.

आय५-१३३४यू मध्ये दोन मोठे आणि आठ छोटे मिळून दहा कोअर, बारा थ्रेड. १२३५यू ची मांडणीही तीच, फक्त एक पिढी आधीची. त्यामुळे तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या लॅपटॉपच्या वेगात घरच्या कामात फरक कळणारसुद्धा नाही. व्हिडिओ जोडून फिल्म बाहेर काढताना मात्र दुसरा मागे पडेल. पीडीएफ, झूम, यूट्यूबला तो पुरेसा आहे.

रॅमचं असं: ७५२०यू बरोबर येणारी रॅम बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. १६ जीबी घेतलीत तर घरासाठी बास. त्याच मॉडेलचा ८ जीबीवाला चुकूनही घेऊ नका.

पहिला घेतलात तर मोकळ्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबी लगेच टाका. याचं कारण नुसती रॅम कमी पडते एवढंच नाही. इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालायला रॅमचे दोन चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा) लागतात. एकच चॅनेल असेल तर टास्क मॅनेजरमध्ये नावसुद्धा "यूएचडी ग्राफिक्स" दिसतं. दुसरी रॅम बसवली की तिथेच "आयरिस एक्सई" दिसायला लागतं. लॅपटॉपची डीडीआर४ ३२०० मागा. डीडीआर५ त्या स्लॉटमध्ये बसतच नाही. डेलला दोन स्लॉट आहेत, तिथे एक ८ जीबीची पट्टी आधीच असेल तर तिच्या जोडीला दुसरी टाकायची.

माझं मत: पहिला, १६ जीबी करून.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातली प्रोसेसरची माहिती अगदी बरोबर आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. ताईंनी साडीचा फोटो नेऊन जी परीक्षा घेतली, ती कुठल्याही बेंचमार्कपेक्षा मोलाची आहे. घरच्या लॅपटॉपकडे माणसं तासन्‌तास बघत बसतात. ओलेडवाल्याची रॅम वाढत नसली तरी १६ जीबी पुरेशी आहे, एसएसडी बदलता येते. स्क्रीन आयुष्यभर तीच राहते.

डाळिंबीचा विटकरी का झाला? माहितीपत्रकात तळाशी बारीक अक्षरात "४५ टक्के एनटीएससी" असं असतं. म्हणजे वेबवरच्या फोटोंसाठी जी एसआरजीबी रंगकक्षा वापरतात, तिचा साधारण साठ-पासष्ट टक्के भाग. सगळ्यात जास्त मार खातो तो लाल रंग. जोडीला २५० निट्सचा उजेड, त्यामुळे खिडकीजवळ बसलं की चित्र आणखी फिकं पडतं. १२० हर्ट्झमुळे पान सरकताना गुळगुळीत वाटतं, रंग त्याने सुधारत नाहीत. "फुल एचडी" या शब्दांनी फक्त ठिपक्यांची संख्या कळते, १९२० गुणिले १०८०. ओलेडचा पॅनेल १०० टक्के डीसीआय-पी३ (एसआरजीबीहून मोठी रंगकक्षा) आहे, म्हणून तुम्हाला साडी खरी दिसली.

ओलेड घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. व्हिवोबुक गो १५ याच नावाने, याच प्रोसेसरने साध्या स्क्रीनचाही लॅपटॉप येतो. तेव्हा बिलावर आणि खोक्यावर "ओलेड" असल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरं, ओलेड स्क्रीन उजेड कमी करताना अतिशय वेगाने लुकलुकतात. बहुतेकांना ते जाणवत नाही, काहींचे डोळे मात्र दुखतात. सासऱ्यांना दुकानात घेऊन जा, उजेड निम्म्यावर आणा आणि त्यांना निवांत वाचत बसू द्या.

प्रतिसाद ३

मी फक्त कॅसेटबद्दल लिहितो, कारण ते काम वेळेत व्हायला हवं.

तिन्ही लॅपटॉपच्या बाजूला ३.५ मिमीचं एकच छिद्र आहे. ते हेडफोन आणि माइक दोन्हीचं मिळून. त्यात माइकची वाट मोनो असते आणि ती माइकच्या क्षीण सिग्नलसाठी बनवलेली असते. टेपची वायर थेट तिथे खुपसली तर आवाज फाटतो. त्यामुळे लॅपटॉप कुठलाही घ्या, यूएसबीला लावायचं बाहेरचं ऑडिओ कॅप्चर लागणारच. घेताना "स्टिरिओ लाइन-इन" (टेपसारख्या यंत्राचा जोरदार सिग्नल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा घेणारं छिद्र) आहे का ते विचारा. स्वस्तातल्या यूएसबी साउंड कार्डांना पुष्कळदा फक्त माइकचं छिद्र असतं. डेकच्या लाल-पांढऱ्या लाइन-आउटमधून वायर घ्यायची. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उत्तम आहे.

वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेवा. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबीच्या आसपास. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, त्यातही बरीच जागा उरेल. तरीही दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच हवी. मूळ वेव्ह पुसू नका, ऐकायला एमपी३ वेगळी करा.

बुरशी धरलेली कॅसेट थेट वाजवू नका. ती बुरशी डेकच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या फितीवर जाते. अशा कॅसेट आजच वेगळ्या काढा, कोरड्या जागी ठेवा, आणि त्यांचं काम शेवटी, जमल्यास वेगळ्या डेकवर करा. चांगल्या कॅसेटसुद्धा वर्षानुवर्षं वाजल्या नसतील तर आधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहा, कापसावर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत.

आणि फायलींना नावं देवनागरीतच द्या: कीर्तनकार, आख्यान, गाव, साल. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. सासरेबुवांना शेजारी बसवून ही नावं आत्ताच लिहून घ्या. कुठलं कीर्तन कुठल्या सप्ताहातलं, हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार?

प्रतिसाद ४

टीव्हीला जोडणार असाल तर: व्हिवोबुक १५ आणि इन्स्पिरॉन ३५२० यांचा एचडीएमआय १.४ आहे. फोर-के टीव्ही असेल तर त्यावर चित्र ३० हर्ट्झलाच अडकतं. फुल एचडी टीव्हीला काही अडचण नाही.

ऑफिस कायमचं आहे की एका वर्षाचं, तेही बिलाआधी विचारा. मिस्टरांच्या एक्सेलचा प्रश्न वर्षभराने उभा राहायला नको.

रंग आणि वेग यांचं भांडण सोडवायला तिसरा मार्ग आहे. लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर पहिला घ्या आणि त्याला २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडा. ९९ टक्के एसआरजीबीवाला दहा हजारांच्या आसपास मिळतो. फोटोचे रंग खरे दिसतील आणि सासऱ्यांना अक्षरंही मोठी मिळतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

सासऱ्यांना घेऊन पुन्हा दुकानात गेले. प्रतिसाद २ मध्ये लिहिल्याप्रमाणे ओलेडचा उजेड निम्म्यावर आणून त्यांना ज्ञानेश्वरीची पीडीएफ उघडून दिली. डोळ्यांना त्रास झाला नाही, पण चकचकीत काचेत मागच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यांना सारखं आड येत होतं. आमच्या घरी टेबल खिडकीसमोर आहे, ते हलवण्यासारखं नाही. शिवाय मुलीला हा लॅपटॉप कॉलेजची वर्षंही पुरायला हवा, आणि तिच्यासाठी मला दहा कोअरवाला बरा वाटतो. टीव्ही आमचा फुल एचडीच आहे.

म्हणून पहिला पक्का केला: व्हिवोबुक १५, सोबत ८ जीबीची जादा रॅम, दुकानातच बसवून, टास्क मॅनेजरमध्ये आयरिस एक्सई दिसल्यावरच बिल करायचं असं सांगून ठेवलंय. मॉनिटर पुढच्या महिन्यात. तो घेतानाही इरकलीचा फोटो बरोबर असेलच. ज्यांना फिरता लॅपटॉप हवा आहे आणि व्हिडिओचं काम नाही, त्यांनी मात्र ओलेडच घ्यावा असं मी स्वतः बघून सांगते.

बुरशीच्या कॅसेट वेगळ्या काढल्या. सासरे वही घेऊन बसलेत, नावं लिहायला सुरुवात झाली आहे.

आता एकच विचारायचं आहे. स्टिरिओ लाइन-इनवालं यूएसबी कॅप्चर सांगली-मिरजेत कुठे हातात घेऊन बघायला मिळेल का? मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांकडे रेकॉर्डिंगचं सामान ठेवणारं कोणी आहे का? आणि आमच्या डेकला लाइन-आउट नाहीये, फक्त हेडफोनचं छिद्र आहे. तिथून वायर घेतली तर आवाज किती ठेवायचा?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

हेडफोनच्या छिद्रातून चालतं. डेकचा आवाज आधी एक तृतीयांशावर ठेवा, टोनचे खटके मध्यावर. ऑडॅसिटीतला मीटर बघत कीर्तनातला सगळ्यात मोठा गजर वाजवा, आणि पट्टी उणे ६ डेसिबलच्या पुढे जाणार नाही इतपत आवाज वाढवा. मग त्या बटणावर पेनाने खूण करा आणि सगळ्या कॅसेटना तिथूनच सुरुवात करा. मात्र दर कॅसेटच्या सुरुवातीला मीटर पुन्हा बघायचा, कारण प्रत्येक देवळातला माइक वेगळा असणार.