मॅनेज करणं आणि लीड करणं, फ्लोअरवर नेमका फरक काय?

वेर्णेकर:
नमस्कार मंडळी, गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे पॅकिंगला आहे, नुकतंच सेक्शन इनचार्ज केलंय. अप्रेझलला साहेब म्हणाले मॅनेज चांगलं करतोस, आता लीड करायला शीक. शिफ्टचं रोस्टर, ओव्हरटाइम, डिस्पॅच सगळं वेळेवर असतं, मग अजून काय करायचं? नेटवर वाचलं तर 'लीडर प्रेरणा देतो' एवढंच, त्यावरून सोमवारी सकाळी मी काय वेगळं करू ते कळत नाही.

फोंडेकर:
वाद जुना आहे. हार्वर्डच्या अब्राहम झालेझ्निक यांनी १९७७ मधे लिहिलं की मॅनेजर आणि लीडर ही मुळात वेगळ्या घडणीची माणसं. नंतर १९९० मधे तिथल्याच जॉन कॉटर यांनी मांडलं की ही दोन वेगळी कामं आहेत, प्लॅनिंग, बजेट, माणसं नेमणं, कंट्रोल ठेवणं हे पसारा सांभाळण्यासाठी, आणि दिशा ठरवणं, लोकांना त्या दिशेला वळवणं, त्यांचा हुरूप टिकवणं हे बदलासाठी. मला कॉटर पटतात, कारण काम शिकता येतं, घडण बदलणं कठीण.

डिचोलीकर:
आमच्या गोव्याच्या खाणपट्ट्यात हे डोळ्यांनी बघितलंय. २०१२ ला खाणी थांबल्या, नंतर परत सुरू झाल्या तर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज (खाणकामाचे भाडेपट्टे) रद्द केली. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी सगळं खनिजावर. फेऱ्या, डिझेल, ड्रायव्हर यांचा हिशेब चोख ठेवणारे ट्रकमालक कितीतरी होते पण मालच नाही तर त्या हिशेबाचं करायचं काय? तेव्हा ड्रायव्हरांना समोर बसवून पगार कुठपर्यंत देता येईल, पुढे कोणता धंदा बघायचा हे खरं खरं सांगणारा माणूस हवा होता, तसे फार कमी निघाले.

म्हापशाची:
पटलं, पण मॅनेजरला कमी लेखू नका हं. मी कळंगुटला हॉटेलात हाउसकीपिंग बघते. गणेश चवथीला सगळ्यांनाच घरी जायचं असतं, डिसेंबरात रूम फुल्ल, तिथे रोस्टरच लागतं. आणि सुट्टी वाटताना तुम्ही भेदभाव केला तर नंतर कितीही चांगली दिशा दाखवा, कोणी मागून येत नाही.

वेर्णेकर:
आता लक्षात येतंय. आमच्याकडे ऑटोमॅटिक लाइन येणार आहे आणि पॅकिंगच्या बायका नोकरी जाईल म्हणून घाबरल्यात. साहेबांच्या मनात तेच असणार.

फोंडेकर:
मग तुझं काम तेच. आधी साहेबांकडून नक्की करून घे की किती जागा राहणार आणि ट्रेनिंग कोणाला, त्याआधी फ्लोअरवर 'काळजी करू नका' असं म्हणू नकोस. जे ठरलं नसेल ते ठरलं नाही असंच सांग. ट्रायलला जुन्या अनुभवी बायकांनाच मशीनजवळ उभं कर, माल कुठे अडकतो ते त्याच आधी ओळखतील. आणि रोस्टर कोणाला तरी शिकवून टाक, नाहीतर या सगळ्याला वेळच उरणार नाही.