मुलीचं मायोसायटिस पॅनेल करावं का? (बजेट बेताचं)

खिडकीतली: मुलगी ७ वर्षांची. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे, पापण्या जांभळट, जिना चढताना कठडा धरते. ज्युवेनाइल डर्माटोमायोसायटिस (मुलांत स्नायू आणि कातडीला सूज आणणारा आजार) निघालं, स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडींची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. आता मायोसायटिसच्या, म्हणजे स्नायूंच्या सुजेच्या, वेगवेगळ्या अँटिबॉडी एकदम तपासणारं पॅनेल सुचवलंय. एखादाच जास्तीचा खर्च झेपेल. कुणी केलंय?

गोधडी: एएनएला घाबरू नका. धडधाकट मुलांतही पॉझिटिव्ह येतो. आमच्या धाकट्याचा आला होता, दिवसभर घर डोक्यावर घेतो.

मधला_बाक: आम्ही पॅनेल, एमआरआय, नखांच्या मुळाशी केशवाहिन्यांची तपासणी, सगळं एकदम केलं. तब्येतीपुढे पैसा बघू नये.

रात्रपाळी: बाकसाहेब, बजेट शीर्षकातच आहे!
पॅनेल कराच. आमच्या पोराला त्यातली एनएक्सपी२ ही अँटिबॉडी निघाली. त्यात कातडीखाली कॅल्शियमचे खडे व्हायचा धोका जास्त. कोपराला झालेच, पण लक्ष होतं म्हणून लवकर सापडले. एमडीए५ ही अँटिबॉडी असेल तर फुप्फुसांवर नजर ठेवावी लागते. त्यात स्नायू बरेचदा फार अशक्त होत नाहीत, म्हणून माणूस गाफील राहतो.

पाटीपेन्सिल: टीआयएफ१ गॅमा अँटिबॉडी आली तर कॅन्सर ना? नेटवर वाचलं.

रात्रपाळी: तो संबंध मोठ्या माणसांतला. मुलांत तसं दिसत नाही. उगाच घाबरवू नका त्यांना.

उंबरठा: आमच्या रिपोर्टात दोन अँटिबॉडींच्या पट्ट्या अंधुक पॉझिटिव्ह. महिनाभर झोप नाही, शेवटी डॉक्टर म्हणाले, लक्षणांशी जुळत नाही, सोडून द्या. तरी करणार असाल तर आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटिबॉडींचं औषध) द्यायच्या आधी रक्त काढा. त्यात दात्यांच्या अँटिबॉडी असतात, रिपोर्ट गंडतो. आम्हाला हे नंतर कळलं.

मधला_बाक: सनस्क्रीन कुठलं लावता? आमचं फार चिकट आहे.

गोधडी: सनस्क्रीन कशाला, टोपी पुरे. आणि एएनए धडधाकट मुलांतही येतो.

उंबरठा: टोपीने गाल कसे झाकणार? ऊन लागलं की चट्टे भडकतात. दोन्ही हवं.

खिडकीतली: सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना सरळ विचारलं, रिपोर्टने आज औषध बदलेल का? म्हणाले, आत्ता तरी नाही. फुप्फुसं तपासून झालीत, ठीक आहेत. म्हणून पॅनेल तूर्त नाही, पैसे फिजिओथेरपीला. आयव्हीआयजीची वेळ आली तर आधी रक्त काढून घेऊ, उंबरठा, हे बरं सांगितलंत.

मधला_बाक: चूक करताय.

खिडकीतली: असेल. टोपी आणली, ती घालत नाही.