१९ जून आणि टेक्सास: दिनविशेषासाठी विचारणा

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): आमच्या वाचनालयाच्या फलकावर दिनविशेष लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. १९ जूनसाठी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या इतिहासातील कोणती घटना घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (रावपुरा): १८६५ सालचा १९ जून निःसंशय घ्यावा. त्या दिवशी संघराज्याच्या, म्हणजे यादवी युद्धातील उत्तरेच्या पक्षाच्या, सैन्याचे जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहरात आदेश क्रमांक ३ काढून त्या राज्यातील सर्व गुलाम मुक्त असल्याचे जाहीर केले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजीच निघाला होता. परंतु तो अमलात आणण्याइतके संघराज्याचे सैन्य तेथे नसल्यामुळे, कागदोपत्री मुक्त झालेली माणसे पुढे जवळजवळ अडीच वर्षे राबतच राहिली, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

उत्तर (कारेलीबाग): मुक्त झालेल्यांनी आहे तेथेच शांतपणे राहून मजुरीवर काम करावे, असा सल्लाही त्याच आदेशात होता, तो फलकावर अवश्य यावा, कारण त्यावाचून हे चित्र अपुरे राहते. टेक्सासमध्ये १९८० पासून या दिवशी राज्याची सुट्टी असते, आणि २०२१ मध्ये तिला राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा मिळाला.